अजिंठ्याच्या भिंतींवरच्या बाया आणि भिंतींबाहेरच्या

(अजिंठा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय मोठा भारदस्त आहे, 'प्राचीन काळातील समाजरचना आणि स्त्रियांचे दैनंदिन जीवन'. मी काही इतिहासाची प्राध्यापक नाही. एम.एस.डब्ल्यू. झाले आणि तेव्हापासून गावांतच काम करते. रेशनकार्ड, बचत गट, नवऱ्याने टाकलेल्या बायांच्या पोटगीच्या केसेस, हे माझं रोजचं. त्यामुळे लेण्यांत शिरले तरी माझ्या हातात सर्व्हेचा फॉर्म असल्यासारखंच मी बघते. घरात कोण कोण आहे? काम कोण करतं? पाणी कोण आणतं? आणि कागद कुणाच्या नावावर आहे? आज हेच चार प्रश्न घेऊन बोलणार आहे.

याची गरज काय, असं कुणी विचारेल. गरज अशी की आठ मार्चच्या प्रत्येक कार्यक्रमात एखादे पाहुणे उभे राहतात आणि सांगतात, "आपल्याकडे प्राचीन काळी स्त्री स्वतंत्र होती, पूजनीय होती. तुमची ही मुक्ती वगैरे बाहेरून आलेली आहे." पुरावा म्हणून गार्गी-मैत्रेयी येतात आणि अजिंठ्याच्या चित्रांतल्या दागिन्यांनी मढलेल्या राण्या येतात. आपण खाली सतरंजीवर बसून ऐकतो, आणि उत्तर देता येत नाही म्हणून गप्प राहतो. उमा चक्रवर्तींनी १९८९ साली एका लेखात साधा प्रश्न विचारला होता की गार्गी-मैत्रेयी ठीक, पण त्या काळातल्या दासीचं काय झालं? अजिंठ्यात तर दासी आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवर उभी आहे. तिला कुणी बघत नाही, एवढंच.

आधी जरा माहिती. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर तीस लेणी आहेत, सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ. ती एका वेळी कोरलेली नाहीत. नऊ, दहा, बारा, तेरा आणि १५अ ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे सातवाहनांच्या काळाजवळची. मग मध्ये चारेकशे वर्षं काम थांबलेलं. नंतर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात बाकीची बहुतेक लेणी झपाट्याने कोरली गेली. आपण ज्या चित्रांची पोस्टकार्डं विकत घेतो ती या दुसऱ्या खेपेची.

पैसा कुणी दिला? १६ नंबरचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचं. १७ नंबर इथल्या एका मांडलिक राजाने कोरवलं, त्याचा धाकटा भाऊ रविसांब वारला त्याच्या दुःखात. २६ नंबर बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचं, आणि त्या लेखातही अश्मकाच्या राजाचा मंत्री भव्विराज याचा उल्लेख आहे. राजा, मंत्री, मोठा भिक्षू. हे तिन्ही लांबलचक लेख पुरुषांचे. त्याआधीच्या, दहा नंबरच्या लेण्याच्या दर्शनी भागावर एका दात्याचं नाव आहे, 'वासिठीपुत कटहादि'. म्हणजे वासिष्ठीचा मुलगा कटहादि.

इथे पाहुणे खूश होतात. "बघा, आईच्या नावाने ओळख! गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र!" मलाही शाळेत हे वाचून फार अभिमान वाटायचा. पण थांबून विचार करा. वासिष्ठी हे त्या बाईचं नाव आहे का? ते गोत्राचं नाव आहे, वसिष्ठ गोत्रात जन्मलेली ती वासिष्ठी. मुलाच्या नावात आई आली, तीही तिच्या बापाच्या गोत्राची पाटी होऊन. घरात तिला कोणत्या नावाने हाक मारत होते ते आपल्याला कधीच कळणार नाही.

गौतमी बलश्रीचं उदाहरण मात्र वेगळं, तिचं नाव आहे. नाशिकच्या तीन नंबरच्या लेण्यात तिचा मोठा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. लेणं तिने दान दिलेलं. लेखात तिने आपल्या मेलेल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची स्तुती केली आहे. आणि त्या स्तुतीत एक वाक्य असं आहे की त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. आता वर्णांचा संकर थांबवायचा म्हणजे काय करायचं, मैत्रिणींनो? कुणाच्या मुलीचं लग्न कुणाशी होईल आणि कुणाशी होणार नाही यावर पहारा बसवायचा. जातीबाहेर लग्न केलेल्या पोरींच्या केसेस आपल्यातल्या अनेकींनी हाताळल्या आहेत, तुम्हाला जास्त सांगायला नको. एका बाईने, स्वतःच्या नावाने, दगडात कोरून घेतलेला हा अभिमान आहे. सत्तेच्या जवळ बसलेली बाई आपोआप बायांच्या बाजूची होत नाही, हे आपण ग्रामपंचायतीतही पाहतोच.

पण सगळ्याच राण्या नव्हत्या, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही पाहुण्यांसारखीच एकच बाजू सांगते असं होईल. भाज्याच्या लेण्यात एका नांगरधाऱ्याच्या बायकोने, बाधा तिचं नाव, दान दिल्याचा लेख आहे. कान्हेरीला, कुड्याला भिक्षुणींची नावं दात्यांमध्ये आहेत. म्हणजे साध्या बायांच्या हातातही थोडा पैसा खेळत होता आणि तो आपल्या मर्जीने द्यायची सोय होती. नाशिकलाच दहा नंबरच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, तिसऱ्या शतकातला, विष्णुदत्ता नावाच्या शक बाईचा लेख आहे. तिने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम कायमची ठेवली आणि व्याजातून औषध द्यायचं ठरवलं. बचत गटाच्या बायांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्या पहिला प्रश्न विचारतात, "व्याज किती टक्के?" तिच्या लेखातला दर मी सांगू शकत नाही, पण त्याच लेण्यात त्याआधीचा उषवदाताचा लेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले, दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि हजारावर शेकडा पाऊण. आपल्या गटाचा अंतर्गत कर्जाचा दर कित्येक ठिकाणी याच्या दुप्पट असतो, ते सोडा.

विष्णुदत्तेची ओळख लेखात कशी दिली आहे? शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. बाप, नवरा, मुलगा. हल्ली शासकीय फॉर्मवर 'वडिलांचे / पतीचे नाव' असा जो रकाना असतो, त्याचं हे जुनं रूप. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव मुलाच्या नावापुढे, बापाच्या नावाआधी लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. निर्णय चांगला आहे, आणि यात निदान बाईचं स्वतःचं नाव येतं, गोत्र नव्हे. पण तलाठ्याकडे सातबारावर ते आलं का, हा माझा पुढचा प्रश्न असतो.

आता चित्रांकडे येऊ. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात बहुतेक चित्रं जातककथांची आहेत. गोष्ट बोधिसत्त्वाची, पण चित्रकाराने राजवाडा, बाजार, दुकानं, गवाक्ष, प्रवासी, परदेशी माणसं आपल्या काळातलीच काढली. म्हणून ती आपल्या कामाची.

कपडे बघा. राणी कमरेच्या वर जवळजवळ उघडी, अंगावर तलम वस्त्र आणि मोती. शिवलेली चोळी दिसते ती बहुधा दासीच्या, नर्तकीच्या अंगावर. आज आपल्याकडे अंग झाकणं हे खानदानी घराचं लक्षण मानतात, तिथे उलट आहे. 'बाईची लाज म्हणजे अमुक कपडा' हे कुठल्याच काळात ठरलेलं नव्हतं, एवढं तरी यावरून कळतं. रंगही बघा. राजा-राण्या सावळ्या आहेत, काळ्याही आहेत. पहिल्या लेण्यातल्या काळ्या राजकन्येपुढे पर्यटक फार वेळ उभे राहतात. मग घरी जाऊन मुलासाठी गोरी मुलगी शोधतात.

मला सगळ्यात जास्त वेळ थांबायचं आहे ते सतरा नंबरच्या लेण्यात, विश्वंतराच्या गोष्टीपाशी. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. राजपुत्र विश्वंतर इतका दानशूर की राज्याचा पांढरा हत्ती देऊन टाकतो. लोक चिडतात, त्याला हाकलतात. तो बायको माद्री आणि दोन मुलं घेऊन जातो. चित्रात त्यांचा रथ बाजारपेठेतून जाताना दिसतो, दुकानदार आपापल्या दुकानात बसलेले. पुढे वनात जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येतो आणि मुलं मागतो. विश्वंतर मुलं देऊन टाकतो. शेवटी बायकोही देतो. ही सर्वांत मोठी दानपारमिता मानली गेली, आणि देशोदेशीच्या बौद्धांनी ती गोष्ट रंगवली.

आता आपला फॉर्म काढा. जूजकाला मुलं कशाला हवी होती? पाली जातकात याचं कारण स्पष्ट दिलं आहे. त्याला एक तरुण बायको होती, अमित्ततापना, आईबापांनी कर्जाच्या बदल्यात दिलेली. ती पाणी भरायला जाते तेव्हा पाणवठ्यावर गावच्या बाया तिला टोमणे मारतात, म्हाताऱ्याची बायको म्हणून चिडवतात. ती घरी येऊन म्हणते, मी यापुढे पाण्याला जाणार नाही, मला दास-दासी आणून दे. आणि म्हातारा त्यांच्या शोधात निघतो. म्हणजे या एवढ्या थोर दानाच्या मुळाशी एक पाण्याचा हंडा आहे! कर्जापायी दिलेली पोर, पाण्याची मजुरी, आणि ती मजुरी करायला आणलेली दुसऱ्याची लेकरं. आपल्या फर्दापूर-सोयगावच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरभोवती जे होतं ते बघितलेल्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गावात ही सांगितली की बाया अमित्ततापनेच्या बाजूने बोलतात, विश्वंतराच्या नाही.

आणि माद्री? मुलं दिली तेव्हा ती घरी नव्हती. फळं-कंदमुळं गोळा करायला रानात गेली होती, कारण चुलीची जबाबदारी तिची. परतताना देवांनी वाघ-सिंहाची रूपं घेऊन तिची वाट अडवली, ती मध्ये पडू नये म्हणून. म्हणजे देवांनाही पक्कं ठाऊक होतं की आईला विचारलं तर ती नाही म्हणेल. म्हणून विचारायचंच नाही, अशी ती व्यवस्था. मी बौद्ध धर्माला नावं ठेवत नाही, गैरसमज नको. दासी म्हणून पाणी वाहणाऱ्या पुण्णेला संघात जागा मिळाली, तिचं आणि उखळ-मुसळापासून सुटल्याचा आनंद सांगणाऱ्या मुत्तेचं बोलणं 'थेरीगाथे'त जपलं गेलं, ही त्याच परंपरेची देणगी आहे. पाण्याचे घडे वाहणाऱ्या दासीला पालीत वेगळा शब्दच आहे, 'कुंभदासी'. कामावरून बाईचं नाव पडावं इतकं ते काम नेहमीचं होतं. पण याच संघात शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही त्या दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला उठून वंदन करायचं, असा नियम होता. दोन्ही खरं आहे.

दोन नंबरच्या लेण्यात एक चित्र आहे. राजा तलवार उपसून बसला आहे आणि त्याच्या पायांशी एक बाई वाकून दयेची याचना करते आहे. हे सामान्यतः क्षांतिवादी जातकाचं मानतात. राजा झोपला असताना त्याच्या अंतःपुरातल्या बाया उठून एका तपस्व्याचं बोलणं ऐकायला गेल्या, एवढाच गुन्हा. न विचारता सभेला गेल्या! आपल्यातल्या कितीजणी आज घरी काय सांगून शिबिराला आल्या आहेत, ते मी विचारत नाही.

सोळा नंबरमधली 'मरणासन्न राजकन्या' तुम्ही पाहिली असेल. ती सुंदरी, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नंदाला मनाविरुद्ध भिक्षू केलं गेलं, आणि त्याचा मुकुट परत आला तेव्हा ती कोसळली. तिला सावरणाऱ्या सख्या किती मन लावून रंगवल्या आहेत. टाकलेल्या बायकोचं दुःख चित्रकाराला कळलं होतं, असं मला वाटतं.

त्याच दोन नंबरच्या लेण्यात उजव्या बाजूच्या गाभाऱ्यात हारीतीची मूर्ती आहे, शेजारी तिचा नवरा पांचिक. हारीती आधी लोकांची मुलं खाणारी यक्षिणी. तिचं स्वतःचं लेकरू लपवल्यावर तिला दुसऱ्या आयांचं दुःख कळलं, आणि ती मुलांची राखणदार झाली. मांडीवर मूल आहे. खाली पीठावर मुलांची रांग कोरली आहे, त्यात छडी उगारलेला मास्तर, पुढे बसलेली पोरं, आणि मागच्या बाकावरची म्हणावी अशी खेळण्यात दंग पोरं. शेजारच्या भिंतींवर लेकरं घेऊन पूजेला आलेल्या बाया रंगवल्या आहेत. ज्या काळात बाळंतपणात आणि पहिल्या काही महिन्यांत मुलं सर्रास दगावत, त्या काळातल्या बायांची ही देवता. आपली सटवाई आठवल्याशिवाय राहत नाही. विद्वानांनी लिहिलेल्या पुस्तकांत पद्मपाणीला पानं मिळतात, हारीतीला चार ओळी.

आता भिंतीवर काय नाही ते. दळण. नेवाशाला सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळाच्या थरांत जाती मिळाली. म्हणजे अजिंठ्याच्या आधीपासून आपल्या बाया पहाटे उठून जात्यावर बसत होत्या. पण भिंतीवर जात्यावर बसलेली बाई मी शोधली, मला दिसली नाही. सतरा नंबरमध्ये सुतसोमाच्या गोष्टीत स्वयंपाकघर आहे, ते राजाचं, आणि त्या गोष्टीतला आचारी पुरुष. घरचा स्वयंपाक चित्राच्या लायकीचा नव्हता, पगारी स्वयंपाक होता.

जगात दुसरीकडे असं नव्हतं का, म्हणून मी थोडं वाचलं. मेक्सिकोत अझ्टेक नावाचे लोक होते, १५२१ मध्ये स्पेनने त्यांचं राज्य बुडवलं. त्यानंतर वीसेक वर्षांनी त्यांच्याच चित्रकारांकडून एक चित्रपोथी करवून घेतली गेली, तिला 'मेंडोझा पोथी' म्हणतात. त्यात मुलं वयाप्रमाणे कशी वाढवायची ते चित्रांत आहे. चार वर्षांच्या मुलीला आई चाती दाखवते. तेराव्या वर्षी मुलगी पाट्यावर मका दळते, भाकऱ्या करते, चौदाव्या वर्षी मागावर विणते. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर त्याला दिवसाला किती मक्याच्या भाकऱ्या मिळायच्या तेही काढलं आहे, तीन वर्षांच्याला अर्धी, तेरा वर्षांच्याला दोन. शिक्षा म्हणून मिरच्यांच्या धुरात डोकं धरायचे, मुलगा असो की मुलगी. बायांचं काम तिथे निदान कागदावर आलं. पण त्यामुळे त्या मोकळ्या होत्या असं समजू नका. मुलगी जन्मली की सुईण तिची नाळ चुलीपाशी पुरायची, आणि मुलाची नाळ रणांगणावर पुरायला पाठवत. काम दिसलं तरी ते वाटून कुणी दिलं, हा प्रश्न उरतोच.

अजिंठ्यात आणखी एक काम अदृश्य आहे. चित्रं उघड्या दगडावर काढलेली नाहीत. आधी माती, भाताचं तूस, गवत, झाडांचे तंतू कालवून लिंपण केलं, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, मग रंग. लाल-पिवळी गेरू-कावेसारखी माती, काजळी, हिरवी माती इथलीच. निळा तेवढा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा, व्यापाऱ्यांनी आणलेला. भुसा घालून माती तुडवायची, भिंत लिंपायची, वर पांढरी द्यायची, हे काम आपल्या घराघरांत कुणाचं आहे? मातीची टोपली कुणाच्या डोक्यावर असते? लेण्यांतली माती कुणी तुडवली हे कुठल्याच लेखात लिहिलेलं नाही, आणि मीही छातीठोकपणे बाया म्हणणार नाही. पण कुणीतरी तुडवली.

त्यांची थोडी चाहूल लागते ती वाकाटकांच्या ताम्रपटांत. वा. वि. मिराशींनी ते वाचून प्रसिद्ध केले आहेत. ब्राह्मणांना गाव दान देताना त्या गावाला कशाकशातून सूट आहे याची यादी त्यांत असते: शिपायांनी गावात शिरायचं नाही, दूध-फुलं मागायची नाहीत, अधिकाऱ्यांसाठी गवत, बसायला कातडी, कोळसा, मीठ मागायचं नाही, सगळ्या प्रकारची 'विष्टि' माफ. विष्टि म्हणजेच आपली वेठ. सूट मिळालेल्या गावांची यादी उलटी वाचली की बाकीच्या गावांना काय काय द्यावं लागत होतं ते कळतं. मोठे राजे, मोठी लेणी आणि त्याच खेड्यांतली ही वेठ, हे सगळं एकाच काळात चालू होतं. असा ताम्रपट देणाऱ्यांत एक बाईही आहे, प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा गेल्यावर अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने विदर्भात कारभार केला, आणि ताम्रपटात गोत्र सासरचं नाही, माहेरचं लावलं. मला ती बाई आवडते. पण दान दिलेल्या गावातल्या बायांची नावं तिच्याही ताम्रपटात नाहीत.

जाता जाता दोन बाया. क्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने १९०९ ते ११ च्या दरम्यान इथे येऊन चित्रांच्या प्रतिकृती केल्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार तिच्याबरोबर होते, हे सगळे सांगतात. ती इंग्लंडमध्ये बायांच्या मताच्या हक्काच्या चळवळीत होती, हे कुणी सांगत नाही. दुसरी इथलीच, पारो. १८४४ पासून वर्षानुवर्षं चित्रं उतरवत बसलेल्या रॉबर्ट गिलबरोबर राहिलेली. अजिंठा गावात तिचं थडगं आहे, १८५६ सालचं. आता तिच्यावर सिनेमा आहे, गाणी आहेत. थडग्याचा दगडही गिलनेच लिहवला.

मी हे आज का सांगते आहे? आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात. मुकादम जोडीला एक 'कोयता' म्हणतो. बाई-माणूस दोघं राबतात, पण हिशेबात एकच कोयता, आणि उचल बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात. मोळी बाईने वाहिली तरी वहीत तिचं नाव नसतं. उद्या हजार वर्षांनी कुणी ती वही वाचली तर म्हणेल, ऊस पुरुषांनी तोडला. १९९१ च्या जनगणनेत शेतावरच्या बिनपगारी कामाचा प्रश्न फॉर्ममध्ये मुद्दाम स्पष्ट लिहावा लागला, तरी घरोघरी "ती काही करत नाही, घरीच असते" हेच उत्तर यायचं, आणि अजून येतं. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा त्यातला रोजचा वेळ २९९ मिनिटं निघाला, पुरुषाचा ९७. आणि घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात किती कमी, तो हिशेब वेगळाच.

जेवणानंतर गट पडतील. प्रत्येक गटाने आपापल्या गावातल्या तीन वह्या आठवून लिहायच्या: मुकादमाची, रोजगार हमीच्या हजेरीची आणि सातबाऱ्याची, आणि त्यांत बायांची नावं कुठे आहेत, कुठे नाहीत. चार वाजता परत इथेच जमू. उद्या सकाळी साडेआठला तिठ्यावरून बस सुटेल. लेण्यांत फ्लॅश मारू नका, आणि दोन नंबरमध्ये गर्दी पुढे सरकली की हारीतीच्या पायथ्याशी जरा वाकून बघा. मास्तरची छडी डाव्या-उजव्या कोपऱ्यांत शोधावी लागते, अंधार असतो.